गेरूचे आकडे

लुबाय, बोहोल
१२ जानेवारी २०२५

प्रिय सावळीराम मामा,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर मी घसा फोडून ओरडले आणि तुम्ही शेवटी "बरं बरं, जेवलीस ना?" एवढंच म्हणालात. म्हणून हे पत्र. मामी झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणेल. तुम्ही चष्मा लावून वाचा, लिहून उत्तर द्या. मामी फोटो काढून पाठवेल.

दोन महिने झाले मला इथे येऊन. बोहोल हा फिलिपाइन्सचा एक प्रांत, सगळा बेटावर. जिकडे जाल तिकडे नारळ, समुद्र आणि जुनी चर्चं. ही चर्चं प्रवाळाच्या दगडाची आहेत मामा, समुद्रातल्या! स्पेनच्या पाद्र्यांनी गावकऱ्यांना वेठीला धरून हे दगड कापायला लावले. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक कालवायचे, एकेका चर्चला लाखो अंडी लागली, असं इथे जो तो सांगतो. दाउइस नावाच्या गावी तर चर्चच्या आत, थेट देवासमोर विहीर आहे. लोक ते पाणी बाटल्यांत भरून घरी नेतात.

२०१३च्या भूकंपात यातली कितीतरी कोसळली. मोठी, नावाजलेली उभी राहिली. आमचं लुबायचं लहानसं, म्हणून मागे पडलं. सान इसिद्रो हा त्यांचा संत. शेतकऱ्यांचा देव, त्याच्या मूर्तीजवळ बैल आणि नांगर असतो. अकरा वर्षं या गावाची प्रार्थना बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याखाली चाललीय. जत्रा १५ मेला. तोवर पुढची भिंत उभी करून द्यायची, हे माझं काम. भिंतीला पोट आलंय. चारशे बारा दगड एकेक करून उतरवायचे आणि जिथला तिथे परत बसवायचे.

आता मुद्द्याचं. प्रत्येक दगडाला आकडा घालायचा तो कशाने? कामावरच्या आमच्या साहेबांनी कागदी लेबलं दिली, ती इथल्या दमट हवेत दोन दिवसांत गळून पडतात. नोंग आदोर म्हणून गावचा म्हातारा मिस्त्री आहे (नोंग म्हणजे आपल्याकडचं दादा). तो म्हणतो, कोळशाने मागच्या अंगावर लिहू. मग काय, प्रत्येक वेळी दगड उलटा करून बघायचा? निघताना तुम्ही गेरूची डबी दिली होती, ती आहे माझ्याकडे. काय करू? लवकर सांगा. माझी इथली ही पहिलीच नोकरी, झोप लागत नाही.

तुमची,
संजना


पाथर्डी फाटा, नाशिक
१९ जानेवारी

चि. संजना,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. लाखो अंडी? मग पिवळा बलक कुठं गेला? कोणीतरी पाद्री लय गुटगुटीत झाला असणार. आपण चुन्यात गूळ घालतो, हिरडा घालतो, उडदाचं पाणी घालतो. कोंबडीला त्रास देत नाही.

आकड्याचं एवढं काय घेऊन बसलीस? गेरू. पंचवीस वर्षं मी दुसरं काही वापरलं नाही. लेणीवर काम केलं, घाटावर केलं, बारवेत केलं. गेरू पाण्यात दाट कालव, काडीला चिंधी बांध आणि आकडा दर्शनी अंगावर घाल, चांगला वीतभर. लांबून दिसला पाहिजे. पाठीवर लिहिणारा मिस्त्री दिवसभर दगड उलटत बसतो आणि कंबर मोडून घेतो. काम झालं की ओलं फडकं फिरव, दगड जसाच्या तसा. तुझ्या त्या आदोरला सांग, नाशिकचा सावळीराम मिस्त्री असं म्हणतो.

इकडं थंडी कडाक्याची आहे. कुंभमेळ्याच्या नावानं रस्ते खणून ठेवलेत, त्यामुळं लेणीकडं चालत जायचीसुद्धा सोय नाही. नाहीतर आजही जाऊन पायरीवर बसतो. काम मी माझ्या मर्जीनं सोडलं, पण हात शिवशिवतात.

झोप काढत जा. दगड कुठं पळून जात नाहीत.

तुझा मामा,
सावळीराम

ता.क. मी मामी. आमच्या पोराने, सुयशने, एवढं महागाचं कानाचं यंत्र आणलं, ते सहा महिने कपाटात पडलंय. लावा म्हटलं की डोळे वटारतात. तूच सांग काहीतरी. माझं तर यांना ऐकूच येत नाही! – शकुबाई


लुबाय
९ फेब्रुवारी

प्रिय मामा,
जय भीम.

झालं! चारशे बाराच्या चारशे बारा उतरवले, एकही फुटला नाही. सगळे मैदानावर रांगेनं मांडलेत. पांढऱ्या दगडावर तुमचे लालभडक आकडे असे उठून दिसतात, की पोरं खेळ सोडून मोजत बसतात. फोटो पाठवलाय, मामीला मोठा करून दाखवायला सांगा.

आकडे मी आणि आदोरने मिळून घातले. सुरुवातीला म्हातारा कुरकुरत होता. म्हणाला, आधी एक दगड लिहून धुऊन बघ. मी म्हटलं, माझ्या मामाने पंचवीस वर्षं हेच केलंय. मग त्याने माझ्या हातातली काडी घेतली आणि निमूट लिहायला लागला. अक्षर सुंदर आहे त्याचं. पिवळ्या बलकाचंही विचारलं. तो म्हणतो, त्याच्या मिठाया झाल्या, म्हणून आजही बोहोलच्या बायका गोड करण्यात पटाईत. त्याच्या बायकोने केलेलं मी खाल्लं, खोटं नाही.

रविवारी लोबोकला गेले. तिथे नदीवर एक पूल आहे, अर्धा बांधून सोडलेला. तो थेट चर्चच्या अंगावर धावून येतो. पुरा केला असता तर चर्च पाडावं लागलं असतं, म्हणून लोकांनी अडवला. तेच चर्च पुढे भूकंपात पडलं आणि दगड गोळा करून परत उभं केलं. मी त्या भिंतीला हात लावून किती वेळ उभी होते. आमचीही अशी उभी राहील ना, मामा?

संजना


पाथर्डी फाटा
१६ फेब्रुवारी

चि. संजना,

फोटो बघितला. आकडे छान. पण बाई, हा दगड भोकाभोकाचा दिसतोय. शकूला तीनदा मोठा करून दाखवायला लावला. हा पाणी पितो का गं? आपला काळा दगड पाण्याला आत घेत नाही. थेंब टाकला की घरंगळतो. याच्यावर थेंब टाकून बघ. घरंगळला तर माझी काही हरकत नाही. आत गेला तर थांब.

तो मिस्त्री म्हणाला तसा एक दगड धुऊन पाहिलास का? पाहिला असशीलच. तरी लगेच कळव. मला आज भाकर गोड लागली नाही.

मामा

ता.क. खरंच जेवले नाहीत. दगडाचं काय ते एका ओळीत कळवून टाक. – मामी


लुबाय
३० मार्च

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला, कामाची गडबड होती. इथे फार उकडतं. ईस्टरआधीचे उपवास चालू आहेत, गावात सगळीकडे मासळीच. भिंत पुढे सरकतेय. काळजीचं काही नाही.

आदोर आता कामावर नाही. थोडा हलगर्जीपणा झाला त्याच्याकडून, म्हणून साहेबांनी काढलं. वय झालं होतं तसंही.

मामीला सांगा, तिने पाठवलेला कांदा-लसूण मसाला संपला.

संजना


पाथर्डी फाटा
२ एप्रिल

संजना,

मी दगडाचं विचारलं आणि तू मसाल्याचं लिहिलंस. दीड महिना मी उत्तराची वाट पाहिली. जीव टांगणीला लागला होता. आता तुझं पत्र आलं, त्यातच उत्तर मिळालं.

गेरू आत गेला. हो ना? आणि ज्यानं धुऊन बघ म्हटलं, तोच घरी बसला.

चूक माझी पहिली. न बघितलेल्या दगडाबद्दल मी इथून हुकूम सोडला. उंटावरचा शहाणा! ते मी कबूल करतो. तुझ्या साहेबाला दाखव हे पत्र, पाहिजे तर इंग्रजी करून दाखव. पण हलगर्जीपणा हा शब्द तू कोणासाठी लिहिलास? तुझ्या हातानं कसा लिहिला गेला?

तुला एक गोष्ट सांगतो, ती शकूलाही सांगितलेली नाही. मी काम मर्जीनं सोडलं नाही. मला काढलं. अठ्ठ्याण्णव साली एका जुन्या बारवेचं काम होतं. गावाचं नाव लिहीत नाही. कमानीखाली बसवायचा आडवा दगड आला. मी हातोडीनं वाजवला. चांगला दगड खणखणीत बोलतो, हा बद्द वाजला. आत चीर होती. मी तरण्या इंजिनिअरला सांगितलं, साहेब, हा चढवू नका. तो म्हणाला, उद्या पाहणी आहे, चढवा. चढवला. तिसऱ्या दिवशी तुटला. माझ्या जोडीदाराचा, वाळूचा, पाय गेला.

चौकशी झाली. कागदावर आलं: मिस्त्रीस कमी ऐकू येत असल्याने दगडातील दोष कळला नाही. तेव्हा मला मुंगीच्या पावलांचा आवाज यायचा, संजना! तो इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. रोज मला स्वतःच्या थर्मासमधला चहा द्यायचा. फक्त त्या दिवशी खाली मान घालून गप्प बसला. पुढं खरंच कान गेले, तो भाग वेगळा. पण यंत्र लावलं की वाटतं, त्या कागदावर आपणच सही केली.

वाळू वारला तोवर दर महिन्याला त्याच्याकडं जात होतो. तो म्हणायचा, तू सांगितलं होतंस, मी ऐकलं होतं. पण वाळूला कोण विचारतंय?

आता तू ठरव. मी सांगणार नाही. सांगून एकदा काय झालं ते बघतोच आहे.

सावळीराम

संजना, मी मामी. पंचेचाळीस वर्षं यांच्यासोबत संसार केला आणि हे मला आज फोटो काढताना कळलं. सकाळपासून दोघंही बोललो नाही. तू मात्र बोल गं बाई.


लुबाय
१५ एप्रिल

मामा,
जय भीम.

सगळं सांगते. तुम्ही थेंब टाकून बघ म्हटलंत, पण आकडे लिहून झाले होते, भीतीने मी टाकलाच नाही.

३ मार्चला पहिली रांग बसवली आणि मी ओलं फडकं फिरवलं. आकडा पुसला नाही, पसरला. दगडाने तो आत ओढून घेतला. आदोरने लिंबू चोळलं, चिकणमातीचे लेप लावून ठेवले. थोडा फिका झाला, गेला नाही. चारशे बारा दगड, मामा. अकरा वर्षं वाट पाहिलेल्या भिंतीवर लाल आकडे.

साहेब शहरातून आले. विचारलं, हे कोणी लिहिलं? मी हात साबणाने घासून धुतले होते. आदोरच्या नखांत अजून लाल होतं. साहेबांनी त्याच्या बोटांकडे बघितलं. आदोरने माझ्याकडे बघितलं. मी मातीकडे बघितलं. एवढंच झालं. कोणी खोटं बोललं नाही आणि अहवालात लिहिलं गेलं, स्थानिक मिस्त्रीचा हलगर्जीपणा. खाली माझी सही आहे.

काल चौदा एप्रिल. आपल्याकडे मिरवणुकीची तयारी चालली असेल, निळे झेंडे लागले असतील. मी सकाळी खोलीत बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायला गेले आणि पेटवलेली काडी तशीच विझवली. म्हटलं, कुठल्या तोंडाने लावू?

ईस्टरआधीचा आठवडा असल्याने संध्याकाळी सगळं गाव मैदानावर होतं. साहेबही होते. प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबांना विचारून मी पुढे गेले. माझ्या मोडक्या बिसाया भाषेत सांगितलं, गेरू मी आणला, मी लिहिला, नोंग आदोरने थांबवलं होतं, मी ऐकलं नाही. नंतर गप्प बसले. एक आजी म्हणाली, "किती दगड?" मी म्हटलं, "चारशे बारा." मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

साहेबांनी आज अहवाल बदलला. आदोरला परत घेतलंय. माझं काम ३१ मेला संपेल, पुढचा करार नाही. बरोबरच आहे.

काल रात्रीच आदोरच्या घरी गेले होते. त्याने मला माफ केलं वगैरे काही म्हटलं नाही. जाळं विणत बसला. मग विचारलं, "तुझा मामा आता काय म्हणतो?" मी रडायलाच लागले. तो म्हणाला, त्याच्या आजोबांच्या वेळी ही भिंत उघडी नव्हतीच, चुन्याचा गिलावा होता. पुढे कोणीतरी दगड छान दिसतात म्हणून खरवडून काढला. तो परत चढवू. आज पाद्रीबाबांकडे जुना फोटो निघाला, त्यात गिलावा दिसतो. साहेबही तयार झाले. आदोर विचारतोय, नाशिकला चुन्यात गूळ किती घालतात?

संजना


पाथर्डी फाटा
१८ एप्रिल

चि. संजना,
अनेक, अनेक आशीर्वाद.

आदोरला माझा जय भीम सांग. आणि सांग, नाशिकचा सावळीराम मिस्त्री म्हणतो की त्याला ठाऊक नाही. काळा दगड मला कळतो. समुद्राचा त्यालाच कळणार. त्याच्या आजोबांनी जे घातलं ते घाला. आणि आधी एका दगडावर करून बघा, आठ दिवस वाट बघा, मग पुढं. घाई केली तर इथून येऊन कान उपटीन.

नोकरी गेली म्हणून तोंड पाडून बसू नकोस. मी सत्तावीस वर्षं बसलो, त्यात काही मिळालं नाही.

मामा

ता.क. आम्ही परत बोलायला लागलो. वाळूभाऊंच्या घरी दोघं जाऊन आलो. त्यांच्या बायकोला, लंकावहिनींना, सगळं ठाऊक होतं. मलाच नव्हतं. – मामी


लुबाय
१६ मे

प्रिय मामा, मामी,

काल जत्रा झाली. भिंत उभी आहे!

गिलावा परवापर्यंत चालला होता. आदोरने तुम्ही म्हणालात तसंच केलं, आठ दिवस एकाच दगडाला रोज सकाळी नखाने टोकरून बघत बसला. माझा जीव खालीवर. मग आख्खं गाव आलं. चुना कालवायला बाया, वर चढवायला गडी. आकडे झाकण्याआधी लोक आपापला आकडा शोधायला लागले. कोणी वयाचा, कोणी घराचा नंबर, एकाने बायकोच्या जन्मसालाचे शेवटचे दोन आकडे. त्या दगडावर हात ठेवायचे आणि मग म्हणायचे, हं, आता लाव चुना. "किती दगड" विचारणाऱ्या आजीने एक्क्याऐंशी शोधला आणि स्वतःच थापी मारली. मला म्हणाली, गावात कोणालाच आजवर ठाऊक नव्हतं आपले दगड किती ते.

दाराजवळ, खाली, बाकावर बसल्यावर हात पोचेल तिथे, आदोरने एक दगड उघडा ठेवलाय. चारशे बारावा. मी म्हटलं, हा का ठेवलास? तो म्हणाला, पुढच्या मिस्त्रीने आधी धुऊन बघावं म्हणून. हसला नाही बरं का. मी हसले आणि मग हसता हसता डोळे पुसले.

सकाळी सान इसिद्रोला बैलगाडीतून आत नेलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला आदोरच्या बायकोने पुढच्या बाकावर ओढून बसवलं.

मी २ जूनला निघतेय. आदोरला तुमची बारवेची गोष्ट सांगितली होती, रागावू नका. त्याने निरोप दिलाय. म्हणतो, तुझ्या मामाला सांग, प्रवाळाचा दगड खणखणत नाही, पण बद्दही वाजत नाही. त्याचा आवाज लिहून सांगता येत नाही. त्याला ऐकायला लाव.

तुमची,
संजना


पाथर्डी फाटा
१८ मे

चि. संजना,

पत्र पोचलं. आदोर शहाणा माणूस आहे. दगडाचा आवाज कागदावर लिहिता येत नाही, हे मी त्या चौकशीच्या साहेबांना सांगायला पाहिजे होतं.

त्याला म्हणावं, हातोडी घे आणि त्या उघड्या दगडाला हलकेच तीनदा वाजव. तू फोन जवळ धर. ओरडू नकोस.

मामा

ता.क. संजना, यंत्र कपाटातून काढलंय. सुयशने सेल बदलून दिले. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, यंत्र लावून बसलेत. कुकरची शिट्टी झाली तर दचकले, म्हणाले, हिचा आवाज एवढा मोठा असतो काय? अर्धा तास झाला, माझा फोन मांडीवर घेऊन बसलेत, मला हातही लावू देत नाहीत. हा फोटोसुद्धा शेजारणीच्या मोबाईलवरून पाठवतेय. फोन लाव गं लवकर. – मामी